नक्कल झाली, रुजवात कोणी घ्यावी?

नंदुरबार जिल्ह्यात गोमाई नदीच्या काठी शहाद्याला खेटून वसलेल्या लोणखेड्यात अलीकडे जी नवी घरे उठली, त्यांतील कित्येकांचे दर्शनी भाग पुण्याच्या एखाद्या उपनगरातून, आणि काहींचे तर थेट सुरतेहून उचलून आणल्यासारखे दिसतात, याबद्दल काही मंडळी खासगीत हळहळतात. मला मात्र त्यात हळहळण्यासारखे फारसे आढळत नाही, कारण घर बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने कोणाचे अनुकरण करावे हा सर्वस्वी त्याच्या अखत्यारीतील प्रश्न आहे, आणि अनुकरण वर्ज्य मानले गेले असते तर आपल्याकडचे निम्मे वाडे उभेच राहिले नसते. माझी तक्रार आहे ती ज्या कागदावरून घर उभे राहते त्या कागदासंबंधी. संगणकावर आराखडे काढण्याची विद्या आपल्याकडे रुळल्यापासून, पूर्वी काढलेल्या नकाशातला जिना, दार, खांब, पाया, किंबहुना सबंध मजला निवडावा, एका कळीने त्याची नक्कल घ्यावी आणि दुसऱ्या कळीने ती नव्या नकाशात चिकटवावी, हा परिपाठ इतका सर्वमान्य झाला आहे की त्याविषयी कोणी दोन शब्द बोलावेत असेही आता कोणाला वाटत नाही. 'प्लॅन, एस्टिमेट, थ्रीडी' अशी पाटी लावलेल्या तालुक्याच्या गावातील कोणत्याही दुकानात घटकाभर जाऊन बसावे. तेथला तरुण कोऱ्या पडद्यावर पहिली रेघ ओढताना क्वचितच दिसेल. तो आधी 'जुनी फाइल' उघडतो.

जुनी फाइल उघडण्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. आपला वाडा बांधणारा सुतार खणाच्या हिशेबाने बोलत असे. एक खण सिद्ध झाला की त्याचीच आवृत्ती करून तीनखणी, पाचखणी सोपा उभा राही, आणि दोन खांबांमधले अंतर, तुळईची जाडी, वरच्या किलचानाची ठेवण यांचा विचार दर वेळी मुळापासून करण्याचे त्याला प्रयोजन पडत नसे. इंग्रजी अमदानीत सार्वजनिक बांधकाम खाते निघाले आणि विश्रामगृहे, कचेऱ्या, दवाखाने यांचे नमुना नकाशे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरू लागले. आजही बांधकाम खात्याचे संकल्पचित्र मंडळ कोकण भवनात आणि जलसंपदा खात्याची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना नाशकात आहे, आणि त्यांच्या अस्तित्वामागचा एक विचार हाच आहे की अनुभवी माणसांनी एकदा पारखून घेतलेली मोरी शंभर ठिकाणी तशीच बांधली गेली, तर शंभर कनिष्ठ अभियंत्यांच्या शंभर चुका वाचतात. नकलेचा हा गुण जो नाकारील त्याने सरकारी बांधकाम जवळून पाहिलेले नाही, असेच मी म्हणेन.

यंत्राच्या साह्याने आकृतीची नक्कल करण्याची कल्पना जेव्हा प्रथम साकार झाली तेव्हाही ती भाबडी नव्हती. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इव्हान सदरलँड या तरुण संशोधकाने 'स्केचपॅड' नावाची जी प्रणाली आपल्या प्रबंधासाठी सिद्ध केली, तीत एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती पडद्यावर मांडता येत, आणि त्यातील मर्म असे की मूळ आकृतीत फेरफार केला की तिच्या यच्चयावत प्रतींत तोच फेरफार आपोआप उतरे. म्हणजे प्रत आणि मूळ यांच्यामधला धागा तुटत नसे. कोणती वस्तू कोणाची नक्कल आहे याची नोंद यंत्राच्या दफ्तरी कायम राही. डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने 'ब्लॉक' या नावाने हाच वारसा काही अंशी पुढे चालवला. परंतु नकाशातून नकाशात चिकटवण्याची जी सोपी वाट आज रूढ आहे, तिच्यात तो धागा तुटतो. मूळ नकाशात उद्या चूक सापडली आणि ती दुरुस्त झाली, तरी त्यातून उचललेले जिने आणि खांब ज्या वीस-पंचवीस नकाशांत जाऊन बसले असतील त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि ते कोठे कोठे गेले याची यादी कोणाजवळही नसते.

या सोयीपूर्वी नक्कल करणे हे एका माणसाचे काम होते, आणि त्याला हुद्दा होता. आरेखक नकाशा काढी, आणि त्याच्या हाताखालचा अनुरेखक मूळ कागदावर ट्रेसिंगचे कापड किंवा कागद ताणून बसवी, चारी कोपरे चिकटपट्टीने पक्के करी, आणि रुलिंग पेनात शाई भरून एकेक रेघ वरून ओढून घेई. शाई जास्त झाली की रेघेच्या टोकाला थेंब फुगे, आणि तो दाढीच्या पात्याने इतक्या हलक्या हाताने खरवडावा लागे की खालचा पृष्ठभाग फाटू नये. त्या ट्रेसिंगवरून पुढे अमोनियाच्या प्रती निघत आणि त्यांचा उग्र वास दिवसभर नाकात बसे. या खटाटोपाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. तो कंटाळवाणा होता, डोळ्यांचा घात करणारा होता, आणि तो गेला हे बरेच झाले. मात्र त्या मंद गतीत एक गोष्ट आपसूक घडत असे: नकाशातील प्रत्येक रेघेवरून एका जित्या माणसाची नजर आणि हात फिरे. दोनशे तीसची भिंत एका ठिकाणी मध्येच दीडशेची का झाली, जिन्याच्या पायऱ्या छेदात अठरा आणि तळनकाशात सतरा का, हे प्रश्न साहेबांच्या आधी पुष्कळदा अनुरेखकालाच पडत. वास्तविक ते त्याचे काम नव्हे. परंतु रेघ ओढायची म्हटली म्हणजे ती पाहावी लागतेच. (जलसंपदा खात्याच्या २०२३ सालच्या भरतीच्या जाहिरातीतही अनुरेखकाचे पद होते. त्या पदावर नेमलेल्या तरुणाने आता नेमके काय अनुरेखावे अशी खात्याची अपेक्षा आहे, हे त्याला कोणीतरी समजावून सांगितले असेल अशी आशा आहे.)

नकाशाच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यात जी नावांची चौकट असे, तिच्यात म्हणूनच चार रकाने असत: रेखाटले, अनुरेखन केले, तपासले, मंजूर. दिवाणी कचेरीची रीतही याच जातीची. न्यायालयातून किंवा मामलेदार कचेरीतून दस्तऐवजाची नक्कल मिळाली तर तिच्या शेवटी दोन माणसांची नोंद सापडते, एक नक्कल करणार आणि दुसरा रुजवात घेणार. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहावा, आणि मग दोघांनी सह्या कराव्यात, अशी ती पद्धत. आपल्या दफ्तरखान्यांच्या दिरंगाईला आपण नावे ठेवतो आणि ती ठेवण्याजोगी असतेही, परंतु नक्कल करणारा आणि ती ताडून पाहणारा एकच इसम असू नये, एवढे शहाणपण त्या दिरंगाईच्या पोटात होते. आजच्या नकाशांवरही चौकट आहे, रकाने आहेत. इतकेच की तीही जुन्या फाइलमधून चिकटवलेली असते, आणि चारी रकान्यांत एकाच माणसाची आद्याक्षरे असतात.

चिकटवताना नेमके काय होते हे जवळून पाहिल्याशिवाय या तक्रारीचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. साध्या नकलेने वस्तू उचलली तर तिचा आधारबिंदू प्रणाली स्वतः ठरवते, आणि तो निवडलेल्या वस्तूंच्या व्याप्तीचा डावा-खालचा कोपरा असतो. जाणता आरेखक आधारबिंदू स्वतः दाखवून नक्कल घेतो, त्यासाठी वेगळी आज्ञाही आहे, पण घाईच्या वेळी खांब नुसत्या नजरेने अक्षांच्या छेदावर 'बसवला' जातो आणि चार-पाच मिलिमीटर इकडे-तिकडे राहून जातो. हे क्षम्य म्हणता येईल. याहून वाईट गोष्ट नावांच्या बाबतीत घडते. समजा, जुन्या नकाशात 'डी-१' नावाचे दार एक मीटर रुंदीचे होते, आणि नव्या नकाशात त्याच नावाचे दार आधीपासून आहे, पण ते नव्वद सेंटिमीटरचे आहे. जुन्यातील खोल्या नव्यात चिकटवताच प्रणाली नव्या नकाशाची व्याख्या ग्राह्य धरते, जुनी टाकून देते, आणि एक मीटरच्या गाळ्यात नव्वद सेंटिमीटरचे दार निमूटपणे उभे राहते. मात्र सोबत चिकटवलेला दारे-खिडक्यांचा तक्ता हा नुसता मजकूर असल्यामुळे त्यात पूर्वीचे एक मीटर तसेच राहते. पडद्याच्या तळाशी त्या वेळी क्षणभर एक ओळ उमटते, की अमुक नावाची दुसरी व्याख्या दुर्लक्षित करण्यात आली आहे. ती ओळ वाचणारा आरेखक माझ्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. पुढे सुतार तक्ता पाहून चौकट करतो, गवंडी नकाशातील दार पाहून त्या मापाचा गाळा सोडतो, आणि दोघांचे भांडण मिटवायला घरमालकाला शेत सोडून यावे लागते.

मापांची कथा याहून मनोरंजक आहे. संगणकातील माप हे वस्तूशी बांधलेले असते, भिंत सरकवली की आकडा बदलतो, ही त्या विद्येची मोठी देणगी. पण कधीतरी कोणीतरी वेळ वाचवण्यासाठी तो आकडा पुसून तेथे हाताने दुसरा लिहून ठेवतो, आणि त्या क्षणापासून ते माप मुके होते. नक्कल होत होत ते माप चौथ्या-पाचव्या घरापर्यंत पोहोचते, तोवर खोली दोन फुटांनी वाढलेली असते, आणि आकडा मात्र पहिल्या घराचाच बोलत राहतो. परिसरातील एका बांधकामाचा असा नकाशा मी पाहिला आहे, ज्याच्या समोर 'प्रस्तावित १२ मीटर रस्ता' लिहिले होते; प्रत्यक्षात समोरून बैलगाडी आणि मोटारसायकल एकमेकींना ओलांडून जातील इतकीच गल्ली होती. त्याच नकाशावर 'सर्वसाधारण सूचना' या मथळ्याखाली जमिनीची धारणक्षमता प्रति चौरस मीटर २० टन गृहीत धरली असल्याचे आणि पाया कठीण मुरमावर घेण्याचे लिहिले होते. मुरूम कोणत्या गावचा, हे अर्थातच लिहिलेले नव्हते.

येथून पुढे माझी तक्रार नुसत्या कागदाची राहत नाही, कारण लोणखेड्याची जमीन कशी आहे हे शहादे तालुक्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तापी आणि गोमाई यांनी युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाची ही काळी माती. ऊस, केळी, पपई आणि कापूस यांना ती जितकी मानवते तितकीच ती भिंतींना जाचते. तिच्यातील चिकणमातीचा घटक पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. वैशाखात शिवारातून चालावे तर भेगांत मनगटापर्यंत हात जातो, आणि श्रावणात तीच जमीन वर उचलून आलेली असते. जड भिंत आपल्या वजनाने तग धरते, पण व्हरांडा, कुंपणाची भिंत, एकमजली हलके बांधकाम वर उचलले जाते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा धावतात, आणि पावसाळ्यात न लागणारे दार होळीच्या सुमारास विनासायास लागू लागते. आमच्या वाडवडिलांना हे इतके पक्के उमगलेले होते की गावाची काळी आणि पांढरी त्यांनी निरनिराळी ठेवली: काळीत पेरावे, पांढरीत राहावे. गावठाण पांढरीवर असे, आणि धाब्याच्या घरावर पसरायला खारी मातीही आसपास मिळे. आता गावठाण पुरेनासे झाले, बिनशेतीचे भूखंड काळीत पडले, आणि लोकसंख्या वाढल्यावर ते अपरिहार्य होते. परंतु काळीत घर बांधायचे तर त्याचा पाया काळीचा हवा, इतकी अट तरी पाळायला हवी होती. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तळाशी फुगवटा असलेल्या खांबवजा पायाची पद्धत सांगितली आहे. जमीन ऋतुमानाप्रमाणे जेथवर हलते त्या थराखाली जाऊन तो पाया आपले बूड रोवतो, आणि खोल काळ्या मातीत त्याची लांबी निदान साडेतीन मीटर धरावी असा संकेत आहे. ज्याने मुरमाच्या गावचा चार फुटी पाया दोन कळांनी इकडे आणून टाकला, त्याच्या कागदावर ही साडेतीन मीटरची गोष्ट यायची कोठून?

उत्तर दिशेचा बाण हीदेखील अशीच चिकटवली जाणारी वस्तू आहे. खरे पाहता नकाशात बाकी सर्व उसने आणले तरी बाण उसना आणता येत नाही, कारण तो त्या भूखंडापुरताच खरा असतो. तथापि नेमका तोच सर्वांत आधी उचलला जातो, दिसायला देखणा असतो म्हणून. उत्तर चुकली की पश्चिम चुकते, आणि ज्या मुलुखात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेथे पश्चिमेला मोठी काच असलेली निजायची खोली म्हणजे काय, हे ज्याने तेथे एक दुपार काढली त्यालाच विचारावे. आमच्याकडे ही चूक हल्ली पकडली जाते, नाही असे नाही. पण ती अभियंता पकडत नाही, वास्तुशास्त्रवाले गुरुजी होकायंत्र घेऊन येतात तेव्हा ती उघडकीस येते. त्या शास्त्राविषयी माझे मत फारसे आदराचे नाही. मात्र घराच्या जागेवर स्वतःच्या पायांनी जाऊन उत्तर कोणीकडे आहे हे पाहणारा या साऱ्या व्यवहारातील बहुधा तो एकच इसम असतो, हे मान्य करणे भाग आहे.

दोष सगळा यंत्राच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल, आणि त्याचा पुरावा शोधायला नंदुरबार जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावे यायची होती. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ऑटोकॅड जन्माला यायला तीन वर्षांचा अवकाश होता. त्या निवाड्याने प्रत्येक विस्थापित कुटुंबास ६० फूट बाय ९० फुटांचा घराचा भूखंड ठरवून दिला, दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक शाळा आणि एक पूजास्थान, दर ५०० कुटुंबांमागे एक दवाखाना, आणि दर ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर व झाडाभोवतीचा एक पार, असे सर्व मोजून लिहून ठेवले. हे लिहिले गेले नसते तर त्या कुटुंबांना कदाचित काहीच मिळाले नसते, म्हणून मी त्याला हसत नाही. किमान हक्क आकड्यांतच लिहावे लागतात. पण पन्नास घरांमागे एक पार, हा हिशेब कागदावर मांडला की वसाहतीचा नकाशा कसा निघणार हे तेव्हाच ठरून जाते. सातपुड्यातील पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचे घर म्हणजे डोंगराच्या उतारावर आपापल्या शेतात, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, कुडाच्या भिंतींचे, गुराढोरांना पोटात घेणारे प्रशस्त घर. पाडा म्हणजे अशी विखुरलेली घरे. तळोदे आणि शहादे तालुक्यांत सोमावल, रोझवे, वडछील येथे ज्या वसाहती झाल्या, तेथे सपाटीवर सारख्या भूखंडांच्या रांगा आल्या. एक चौकोन काढायचा आणि ओळीने त्याच्या प्रती मांडत जायचे, ही आज्ञा यंत्राला शिकवण्याच्या आधीपासून आपल्या कचेऱ्यांना येत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांतही सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या ओळी यांचेच राज्य झाले, आणि जुन्या गावातील आळी, वाड्याची चौकटबंद आडोशाची रचना, दारासमोरचा ओटा यांची उणीव तेथली माणसे पुढे वर्षानुवर्षे बोलून दाखवीत राहिली. यंत्राने नवी खोड लावली नाही. पूर्वी जी खोड सरकारला परवडे, ती त्याने तालुक्याच्या दुकानापर्यंत स्वस्त केली.

मंजुरीची व्यवस्था आता संगणकावर गेली आहे, तेव्हा तपासणी आपोआप होईल, असे एक समाधान या बाबतीत पुढे केले जाते. २ डिसेंबर २०२० रोजी राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, आणि अनेक ठिकाणी नकाशे तपासणाऱ्या प्रणाली सामासिक अंतरे, चटईक्षेत्र, जिन्याची रुंदी, वाहनतळ हे सारे झटपट मोजून देतात. हे उत्तम आहे. कारकुनाच्या मर्जीपेक्षा यंत्राचे माप केव्हाही बरे. मात्र ती प्रणाली नकाशाची नियमाशी रुजवात घेते, जमिनीशी घेत नाही. नियमाबरहुकूम असलेला नकाशा दुसऱ्याच गावचा असू शकतो, आणि यंत्राला त्यात वावगे काहीच दिसत नाही. आरेखकही लवकरच शिकतो, की एकदा मंजूर झालेल्या फाइलमधील स्तरांची नावे आणि रंग यंत्राला मान्य असतात, सबब पुढचे सर्व नकाशे त्याच फाइलच्या पोटात काढावेत. तपासणीसाठी आणलेल्या व्यवस्थेने नकलेलाच उत्तेजन दिले.

मग हे शिकवायचे कोठे? लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आदिवासी पाड्यांतून आणि शेतकरी घरांतून आलेली मुले येथे आरेखन शिकतात, आणि जिल्ह्यातील उद्याचे नकाशे पुष्कळसे त्यांच्याच हातून निघणार आहेत. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत एक जुनी कला आहे, तिला विद्यार्थी 'जीटी मारणे' म्हणतात: काचेखाली दिवा लावावा, काचेवर मित्राची पुरी झालेली शीट ठेवावी, वर आपला कोरा कागद, आणि रात्रीतून गिरवून सकाळी सही घ्यावी. प्राध्यापक मंडळी या कलेविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या लढत आली, आणि संगणक आल्यावर तिची गरजच संपली, कारण फाइलचे नाव बदलायला दिवाही लागत नाही. माझे तर म्हणणे असे, की नक्कल करू नका हा उपदेशच सोडून द्यावा. विद्यार्थ्याला कोऱ्या कागदाऐवजी मुद्दाम बाहेरगावचा तयार नकाशा द्यावा, सोबत लोणखेड्याच्या शिवारातील एका गटाचा उतारा आणि मोजणीची नक्कल द्यावी, आणि सांगावे, की हे घर या जमिनीवर आण, आणि काय काय बदलावे लागले त्याची कैफियत लिही. जो जिना तसाच ठेवून पाया, उत्तर, जोत्याची पातळी आणि पश्चिमेच्या खिडक्या बदलील त्याला पुरे गुण मिळावेत. ज्याने सर्व नव्याने काढले पण चार फुटी पाया तसाच ठेवला, त्याला नापास करावे. नोकरीत त्याला करायचे आहे ते हेच.

धंद्यातील मंडळींकडे मागणे याहून थोडे आहे. प्रत्येक कार्यालयाने आपला जो कोरा साचा ठेवलेला असतो, त्यातून उत्तर दिशेचा बाण, जमिनीची धारणक्षमता, भूजलाची पातळी आणि समोरच्या रस्त्याची रुंदी या चार जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात, आणि चिकटवलेल्या कोणत्याही वस्तूने त्या भरल्या जाऊ नयेत असा दंडक घालावा. जुन्या नमुना नकाशांवर पायाशी एक टीप असे, की पाया जागेवरील थर पाहून ठरवावा. सरकारी खात्याला आपला नमुना कोठवर खरा आणि कोठून पुढे खोटा आहे हे ठाऊक होते, म्हणून ती टीप असे. खासगी नकाशांतून ती टीपही आता नाहीशी झाली आहे, आणि तिच्या जागी दुसऱ्या गावचा मुरूम आला आहे. चौकटीतील 'तपासले' या रकान्यात, नकाशा काढणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाची सही आणि तो जागेवर गेल्याचा दिनांक असल्याशिवाय ग्रामपंचायतीने अथवा नगररचना कार्यालयाने कागद पुढे सरकवू नये. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

यावर आरेखकांचे एक उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे आणि ते खोटे नाही. ते म्हणतात, घरमालक चौरस फुटावर पैसे देतो, तेही घासाघीस करून, आणि नकाशा परवा नव्हे उद्याच हवा म्हणतो. या मोलात नक्कल होते, जागेवर जाणे होत नाही. खरी गोम येथे आहे. ज्या घराच्या फरशीसाठी मालक मोरबीपर्यंत चौकशी करतो आणि दर्शनी भागाच्या थ्रीडी चित्रासाठी तीनदा बदल सुचवतो, त्या घराखालची माती बघायला लागतात दोन मजूर, एक कुदळ आणि एक सकाळ. भूखंडाच्या दोन कोपऱ्यांत पुरुषभर खोल खड्डे घ्यावेत, प्रत्येक थराला हात लावून पाहावा, काळी कोठे संपते आणि पिवळी चिकण कोठे लागते, चुनखडीचे खडे किती खोलीवर येतात हे लिहून घ्यावे, आणि पुरुषभर खणूनही काळीच लागली तर बेत बदलावा. त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून जो अभियंता आपली सही करील, त्याचे शुल्क मालकाने नकाशाच्या शुल्काहून वेगळे आणि आगाऊ द्यावे.